पडायला निघालेल्या बर्वे बाई

माझ्याकडे लोक जागा मागायला यायचे. कुणाला गाळा पाहिजे, कुणाला खोली, कुणाला गणपतीच्या मंडपापुरतं मैदान. बर्वे बाई आल्या आणि त्यांनी माझ्याकडे भोक मागितलं.

कल्याण-शीळ रस्त्याला लागून आमची जमीन. बापाने तिथे भात लावला, मिठागरात पाय कुजवले. मी बिल्डिंग बांधली. चार माळ्यांची. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या बाजूला चार माळे म्हणजे येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा सोडलेली, वरपासून खालपर्यंत सरळ. पण लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्यांचा जो साहेब माप घ्यायला आलेला, तो मला माझ्याच जागेत "ए, जरा बाजूला हो" बोलला. मी त्याला रस्त्यापर्यंत नेऊन सोडला आणि लिफ्टच घेतली नाही. भाडेकरू जिने चढत राहिले. चढू देत. पाय मजबूत होतात.

तर एक दिवस वरच्या माळ्यावर, त्या भोकाच्या तोंडाशी एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला, आणि वाकून खाली बघतायत. मी धावलो.

"ओ बाई! मागे व्हा, पडाल!"

"पडायलाच जागा बघतेय," बाई मान वर न करता बोलल्या. "किती खोल आहे हो हे?"

मी हाताला धरून मागे ओढणार, तेवढ्यात त्या वळल्या. "अहो, मी नाही. पेटी पडणार आहे. तुम्ही भोईर ना?"

सगळा गाव मला शेठ बोलायचा. बिल्डरसुद्धा भोईरशेठ बोलायचे. या बाई नुसत्या 'भोईर'. लिफ्टवाल्याचं तोंड मला आठवलं. पण बाईंनी 'ए' केलं नव्हतं, 'अहो' केलं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. परदेशात एक विमान होतं, त्यात म्हणे माणसाचं वजन नाहीसं होतं. तिथल्या संस्थेने कॉलेजच्या पोरांकडून प्रयोग मागवले होते. बाईंनी तीन पोरांना हाताशी धरून एक प्रयोग पाठवला आणि तो निवडला गेला. आता सहा-सात महिन्यांत पेटी बनवायची, ती वजनाशिवाय चालते का ते इथेच तपासायचं आणि मग तिकडे जायचं. वजनाशिवाय तपासायचं तर पेटी उंचावरून सोडावी लागते. आणि कल्याण-डोंबिवलीत चार माळे रिकामं भोक फक्त माझ्याकडे.

"विमानात वजन कसं काय जाईल?" मी बोललो. "काढून ठेवतात?"

बाईंनी रुमालात गुंडाळलेला खडूचा तुकडा काढला. तो रुमाल कायम त्यांच्या हातात असायचा, आणि त्यात पैसे नाहीत, खडू. जिन्याच्या भिंतीवर, माझ्या नव्या ऑइलपेंटवर, त्यांनी कमान काढली. "दगड वर फेकला की असा जाऊन असा खाली येतो ना? ते विमान त्याच वाटेने जातं. विमान पडतं, आतला माणूसही त्याच वेगाने पडतो. म्हणून तो कशालाच टेकत नाही. वीसेक सेकंद. मग विमान परत वर वळतं, की आलं वजन."

"म्हणजे माणूस तरंगतो."

"पडतो."

"पण दिसायला तरंगतो ना?"

"विहिरीत बादली सुटली, भोईर, आणि बादलीत बेडूक आहे. बेडकाला वाटतं आपण तरंगतोय. पण पडतोय ना तो?"

"बेडकाला काय वाटतं ते तुम्हाला बोलला काय तो?"

बाई मोठ्याने हसल्या. एवढ्या ठेंगण्या बाईचं हसू चारही माळे घुमलं. मी भोक देऊन टाकलं. भाडं घेतलं नाही. भोकाचं भाडं घेणारा माणूस मी नाही.

आमच्या घरातून एकच अट आली. माझी बायको बोलली, "नारल फोडल्याबिगर कायपन चालू करायचा नाय."

बाई लगेच तयार. "फोडायचाच आहे ना? मग वरून टाका. पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं आपलं घड्याळही तपासून होईल."

खाली मी माझ्या शेतावरची भाताच्या तुसाची पोती रचून दिलेली, पुरुषभर उंच. तुषार म्हणून डोंबिवलीचा पोरगा होता, तिघांतला सगळ्यात बोलका. त्याला उल्हासनगरहून गादीचा फोम आणायचा होता. मी बोललो, फोम कशाला, आमच्या बापजाद्यांनी तुसावर झोप काढली, तुझी पेटी नाही झोपणार? माझी जागा, माझी पोती. विषय संपला.

बायकोने चौथ्या माळ्यावर जाऊन नारळाला हळदकुंकू लावलं, डोळे मिटले आणि नारळ सोडला. खाली 'भुस्स' झालं. आम्ही सगळे धावलो. तुसात हात घालून नारळ काढला, तर अख्खा. शेंडीसुद्धा हलली नव्हती.

बायकोचा चेहरा उतरला. "नारल फुटला नाय. मंग कसला मुहूर्त त्यो?"

पोरंही दोन पावलं मागे सरली. शिकलेली असली तरी आमच्याच भागातली पोरं ती. बाईंनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं. "वहिनी, याच्याहून चांगला शकुन नाही. चार माळ्यांवरून पडला आणि आतलं पाणीसुद्धा सांडलं नाही. आपल्या पेटीत काय आहे? काचेच्या डबीत तेल आणि पाणीच ना?"

बायको विचारात पडली. मग बोलली, "ता बरोबर हाय." आणि तो नारळ तिने कधी फोडला नाही. देवाजवळ ठेवला.

प्रयोग अगदी साधा होता. काचेच्या डबीत तेल आणि पाणी. इथे कितीही ढवळलं तरी तेल वर येतं. तिथे वर-खाली असं काही नाही, मग तेल जाईल कुठे? ते कॅमेऱ्यात धरायचं. कॅमेरा समीरच्या काकाचा, लग्नाच्या शूटिंगचा. समीर म्हणजे दुसरा पोरगा, आवाज बारीक, हात मोठे. काकाला सांगितलेलं की कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी पाहिजे. तो कॅमेरा चार माळ्यांवरून पडणार आहे हे काकाला माहीत नव्हतं. कॅसेटही जुनीच. आधी कुणाच्या तरी लग्नाची पंगत, श्रीखंड वाढणारी मंडळी, आणि मग एकदम आमच्या भोकाची भिंत वर पळताना.

मी पैज लावलेली की तेल वरच जाणार.

"वर म्हणजे कुठे?" बाईंनी विचारलं.

"वर म्हणजे वर. तेलाला ठाऊक असतं."

बाईंनी माझी पैज भिंतीवर खडूने लिहून ठेवली: 'भोईर: वर.'

पहिल्यांदा पेटी सोडली तेव्हा माझ्या पोत्यांचं तोंड उसवलं आणि तूस जे उडालं ते चारही माळ्यांवर गेलं. भाडेकरणींनी जिन्यात वाळत घातलेल्या साड्या, पापड, कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांवर तूस. पेटी तिरपी पडली, काच तडकली. तुषार माझ्याकडे बघून भुवयांनीच बोलला. दुसऱ्या दिवशी फोम आला. आता सांगतो, पोती बरोबरच होती. शिवणारा चुकला.

बाईंना 'पडणे' या शब्दाचं वेडच होतं. बोलता बोलता कुणी तो शब्द काढला की त्या बोट वर करायच्या, जसा पंच आऊट देतो. "आज जरा आजारी पडलो, बाई." बोट वर. "कांद्याचा भाव पडला." बोट वर. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, मत पडतं, थंडी पडते, कोडं पडतं. "भोईर, दुसऱ्या कुणाला हे सुचलं असेल की नाही माहीत नाही, पण आपल्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक आहे. जग पडतच असतं. आणि काम चांगलं झालं की काय होतं?"

"काय?"

"पार पडतं!"

कल्याणच्या भाजी मार्केटातही त्या अशाच. मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. एक मोठा बटाटा, एक लिंबू, दोन्ही हात वर करून एकदम सोडले. भय्या बघत राहिला. "देखा? दोनों साथ में!" बाई त्याला सांगतायत. तो बोलला, "देखा बहेनजी. अब दोनों लेना पडेगा." बाईंनी बोट वर केलं. हिंदीतला 'पडेगा' त्यांनी मोजला.

या शब्दावरून एकदा मोठा तमाशा झाला. तिसरी पोरगी होती वैशाली. कमी बोलायची, पण पेटीचा एकेक स्क्रू तिच्या हाताचा. पोरांच्या आईबापांना बाईंनी माझ्या खालच्या गाळ्यात बोलावलेलं, काय करणार, कसं जाणार ते सांगायला. चहा झाला, खारी बिस्किटं झाली आणि बाई उभ्या राहून बोलल्या, "तर आपली मुलं पडायला चालली आहेत."

वैशालीची आई हातातली बशी खाली ठेवून उठलीच. तिच्या वडिलांनी घसा साफ केला. बँकेतले गृहस्थ, सभ्य माणूस. "बाई, एक विनंती आहे. आपण 'तरंगायला' म्हणू या का? घरात आम्ही तसंच सांगितलंय."

"पण तरंगत नाहीत हो ती."

"ठीक आहे. पण शुभ कामाला निघताना पडणं कशाला? शब्दाने काय फरक पडतो?"

बाईंनी बोट वर केलं. मला हसू आवरेना.

"फरकसुद्धा पडतोच," बाई बोलल्या. "हे पाहा, तरंगायला जाते असं वाटलं तर मुलगी तिथे हात-पाय मारत बसेल, पोहल्यासारखी. वीस सेकंद त्यातच जातील. पडतेय हे पक्कं ठाऊक असेल तर ती गप्प पडेल आणि हातातलं काम करेल. तुम्हाला मुलीला फिरायला पाठवायचंय की कामाला?"

"सुखरूप परत यायला पाठवायचंय," आई बोलली.

आता मी मध्ये बोललो. कुणी विचारलं नव्हतं, पण गाळा माझा. "वहिनी, आमच्या घरात नारळ आहे. चार माळ्यांवरून पडलेला, अख्खा. येऊन बघा."

खरंच आली वैशालीची आई घरी. माझ्या बायकोने नारळ दाखवला, हलवून पाणी ऐकवलं, वर जेवायलाही बसवलं. सुकटीची चटणी बघून वैशालीची आई थोडी दचकली, पण जाताना 'हो' सांगून गेली. बर्वे बाईंना ते मान्य नव्हतं. "माझ्या दगडाच्या कमानीने पटलं नाही आणि तुमच्या नारळाने पटलं!" पण पटलं ना? मग?

आता बाईंच्या गुडघ्यांबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पेटी वरून सोडायची, म्हणून बाई दिवसातून चार-पाच वेळा चार माळे चढायच्या. एक हात कठड्याला, एक हात गुडघ्यावर. प्रत्येक वळणावर थांबून मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "लिफ्टवाल्याशी भांडण भोईरांचं, शिक्षा माझ्या गुडघ्यांना." मी एकदा बोललो, पोरं खुर्चीतून उचलून नेतील. तर बोलल्या, "मी पालखीत बसायला आलेली नाही." डॉक्टरांनी त्यांना जिने बंद सांगितलेले. त्या डॉक्टरांना काही सांगत नव्हत्या आणि डॉक्टरांचं आम्हाला सांगत होत्या.

एक दिवस दुपारी पोरं जेवायला गेलेली. मी खालच्या गाळ्यात बसलेलो. भोकातून 'धप्प' असा आवाज आला. पेटीचा आवाज मला ठाऊक होता. हा पेटीचा नव्हता. जाऊन बघतो तर फोमच्या ढिगात चष्मा, आणि चष्म्याच्या बाजूला थोड्या अंतरावर बर्वे बाई, उताण्या.

पहिल्या माळ्यावर भोकाच्या काठावर बसून त्यांनी स्वतःला खाली सोडलेलं.

माझा आवाज चढला. "बाई! डोकं ठिकाणावर आहे काय? माझ्या बिल्डिंगला पोलीस केस करायचीय? काय मोडलं? हात? पाय?"

बाई वर बघत पडून राहिल्या. केसांत फोमचे तुकडे. "गेलं होतं, भोईर."

"काय गेलं होतं?"

"वजन. जरासंच. पण गुडघे दुखले नाहीत तेवढ्यात. तीस वर्षं फळ्यावर काढतेय मी ती कमान. तीस वर्षं सांगतेय, पडणाऱ्याला वजन नसतं. आज पहिल्यांदा स्वतः बघितलं." मग उठून बसल्या, चष्मा शोधला आणि एकदम मास्तरीण झाल्या. "पोरांना सांगू नका. त्यांना मी असलं काही करायचं नाही म्हणून बजावलंय."

त्या दिवशी मला कळलं की पोरांना नेणं हे बाईंचं अर्धंच काम आहे. बाईंना स्वतःला जायचं होतं त्या विमानात.

आणि थोड्याच दिवसांत तिकडून निरोप आला की पेटीबरोबर दोघंच बसू शकतील. दोघंच, आणि तिसरं नाव राखीव. सगळ्यांची डॉक्टरी तपासणी आधीच झालेली, बाईंचीही. गुडघे सोडले तर बाई ठणठणीत.

पोरं लगेच पुढे झाली. तुषार बोलला, "बाई, तुम्ही जा. आमच्यातला एक जण जाईल तुमच्याबरोबर."

दुसरी कुठली शिक्षिका असती तर बोलली असती, नाही रे बाळांनो, माझं काय, तुम्हीच जा. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. बर्वे बाई तसलं काही बोलल्या नाहीत. "हे बघा, मला जायचंय," त्या बोलल्या. "खूप जायचंय. तुमच्या दयेवर नाही जाणार, आणि तुमच्यासाठी सोडणारही नाही. ज्यांचे हात चांगले चालतील ते दोघं जातील. परीक्षा घेऊ. मी पण देणार."

मला बाई इतक्या आवडल्या त्या क्षणी.

परीक्षा माझ्याच गाळ्यात. छताच्या कड्यांना झोपाळा टांगला. झोपाळ्यावर बसायचं, मागून झोका द्यायचा, आणि झोका चालू असताना समोर बांधलेल्या पेटीचे खटके ओळीने दाबायचे: आधी दिवा, मग कॅमेरा, मग ढवळणी, शेवटी झडप. विमानात पायाखाली काही नसतं, म्हणून नियम असा की पाय जमिनीला टेकला की ती फेरी बाद. प्रत्येकाला ठरावीक फेऱ्या.

"पंच कोण?" समीरने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "भोईर. यांना कुणाचं काही पडलेलं नाही."

बोलल्या आणि स्वतःच बोट वर केलं. पण मला पडलेलं होतं. मला बाई जायला पाहिजे होत्या. म्हणूनच मी ठरवलं की डोळ्यांत तेल घालून बघायचं. आपल्या माणसाचा न्याय करायचा तर जास्त कडक करावा लागतो.

तुषार सुरेख. एक फेरी चुकली नाही. समीरचे मोठे हात दोन खटके एकदम दाबायचे, तो मागे पडला. वैशाली आणि बाई बरोबरीत आल्या. बाईंची शेवटची फेरी राहिली होती. झोका दिला. दिवा, कॅमेरा, ढवळणी. बाईंची बोटं नुसती हार्मोनियमवर चालावीत तशी. झडप बंद झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, समीरने शिट्टी मारली.

"पाय टेकला," मी बोललो.

टाळ्या थांबल्या.

"काय?" बाई.

"उजवा पाय. अंगठा टेकला."

"भोईर, टेकला नाही. माझा गुडघा पुरता वाकत नाही. तो पाय लटकत होता."

"लटकत होता तो टेकला."

"तुम्ही बसला होतात तिकडे, तिथून दिसतं का?"

"मला शीळफाट्यावरून आमच्या बिल्डिंगची टाकी दिसते."

"बाई, पुन्हा एक फेरी घ्या ना," वैशाली बोलली. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा फेरी दिली असती तर त्या जिंकल्या असत्या, मला ठाऊक होतं. पण नियम त्यांचाच होता. "फेरी बाद," मी बोललो. "तुषार, वैशाली. राखीव बाई."

बाई झोपाळ्यावरून उतरल्या. खडूचा रुमाल घेतला. आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद.

काम सुरूच होतं. बाई रोज यायच्या, जिने चढायच्या, पण वळणावर थांबून लिफ्टबद्दल बोलायच्या नाहीत. सगळा जिना सुना वाटायचा. काही सांगायचं असलं की तुषारमार्फत. "त्यांना सांग, गाळ्याची किल्ली लागेल." "त्यांना सांग, खिळ्यावर आहे." बायको बोलली, "माफी मांग नी मोकला हो." मी बोललो, माफी चुकीची मागतात. पाय टेकलेला होता.

निघायच्या दिवशी टेम्पो-ट्रॅक्स बिल्डिंगखाली उभी. पेटी गोधडीत गुंडाळून आत. पोरांचे आईबाप, सगळे भाडेकरू, अर्धा गाव. बायकोने चौघांना ओवाळलं. बाई तिच्या कानात बोलल्यासारखं करून, मला पुरतं ऐकू येईल अशा आवाजात बोलल्या, "वहिनी, यांना सांगा, पाय टेकला नव्हता."

"बाईंना सांग," मी बोललो, "टेकला होता."

"मी कोनाला काय सांगनार नाय," बायको बोलली. "गाडी जाव दे. टायम झालाय."

पुढचं मला पोरांनी परत आल्यावर सांगितलं, तिघांनी एकदम, त्यामुळे नीट कळायला दोन चहा लागले. तिकडे दोन दिवस उड्डाणं होती. पहिल्या दिवशी तुषार आणि वैशाली गेले, पेटी झकास चालली. त्या खुशीत तुषारने तिथल्या कडाक्याच्या थंडीत आईस्क्रीम खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कान बंद. तिथल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि मान हलवली. मग यादी बघून राखीव नाव पुकारलं. त्यांच्या उच्चारात 'बर्वे'चं काहीतरी भलतंच झालं. बाईंना कळलंच नाही. वैशालीने त्यांचा हात धरून वर केला.

बाई गेल्या. खटके बरोबर दाबले, ओळीने, एक चूक नाही. तेलाचा गोळा होऊन तो पाण्याच्या मधोमध बसला, ना वर ना खाली. कॅसेटवर मी स्वतः बघितलं. तिथे वर नव्हतंच, त्यामुळे मी हरलो असं कुणी म्हणू शकत नाही.

"आणि बाई? बाई काय करत होत्या?" मी विचारलं.

"काम झाल्यावर तोंड फिरवून बसल्या," वैशाली बोलली. "काहीच बोलल्या नाहीत. उतरल्यावर पण नाही."

कॉलेजात सत्कार झाला. हार, शाली, लांबलचक भाषणं. मीही इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या उठून एवढंच बोलल्या, "प्रयोग पार पडला. तेल कुठे गेलं ते वैशाली सांगेल." आणि बसल्या. नंतर बाहेर, चपलांच्या गर्दीत, मी पुढे झालो. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं. "बाई, कसं वाटलं?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही पंच. पंचाला नाही सांगणार."

ठीक आहे. मी दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नाही.

पोरं पांगली. तुषार बाहेर देशात गेला, समीर काकाच्या धंद्यात शिरला, वैशाली ठाण्याला कॉलेजात शिकवू लागली. बाई रिटायर झाल्या. भिंतीवरची खडूची कमान मी रंगवू दिली नाही, रंगारी दोनदा विचारून गेला.

मग एकदा शीळफाट्याला, भर दुपारी, एसटीच्या थांब्यावर. मी एका जमिनीच्या कामाला आलेलो. बघतो तर छत्री उघडून बर्वे बाई उभ्या. केस पांढरे, हातात काठी, तोच चष्मा. त्या पनवेलला बहिणीकडे कायमच्या राहायला चाललेल्या. पायाशी एकच बॅग.

"भोईर," त्यांनीच हाक मारली. जणू कालच भेटलो.

"बाई."

"पाय टेकला नव्हता."

"टेकला होता."

"असू दे," बाई बोलल्या. माझ्या छातीत एकदम हलकं झालं. 'असू दे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी छत्री थोडी माझ्याकडे सरकवली, आणि मी न विचारता त्या सांगू लागल्या.

"काम संपलं ना, भोईर, तेव्हा अजून सात-आठ सेकंद शिल्लक होते. मी पाय दुमडून बघितले. दुमडले. दोन्ही. अगदी पोटाशी. लहानपणी परसात बसायचे तशी बसले मी, हवेत. आणि मला रडूच आलं. पण ते पडेना."

"काय पडेना?"

"डोळ्यांतलं पाणी हो. इथे गालावरून ओघळतं. तिथे ओघळणार कुठे? डोळ्यावरच साचलं, काचेच्या गोटीसारखं. एकावर एक. मला काही दिसेना. पुसायला पदर नाही, त्यांनी कसला तो डगला घातलेला. शेजारच्या गोऱ्या माणसाला वाटलं मला उलटी होतेय. त्याने लगबगीने पिशवी पुढे केली." बाई हसायला लागल्या. तेच हसू. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "एवढा जन्मात एकदाच आनंद झाला, आणि तोंडासमोर ओकायची पिशवी!"

"मग?"

"मग काय. विमान वर वळलं. तेव्हा वजन दुप्पट होतं माणसाचं. ते सगळं पाणी एकदम गालांवर आपटलं. थाडकन. स्वतःच्या रडण्याने कुणी कानफटात खाल्ली असेल तर ती मीच."

पनवेलची एसटी आली. बाईंनी छत्री मिटली. मी बॅग उचलली, त्यांनी उचलू दिली. पहिली पायरी उंच होती. त्या कांबीला धरून थांबल्या. दारातल्या कंडक्टरने हात पुढे केला. "या मावशी. टाका भार माझ्यावर. घाई नाय."

"बघ हं," बाई त्याला बोलल्या, "पुष्कळ आहे," आणि त्याच्या हातावर सगळा भार टाकून वर चढल्या.